शून्याची नोंद

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे डीटीपी सेंटर होते. १९९७ पासून पुढची पंधराएक वर्षे ते मी चालवले. जवळच अध्यापक विद्यालय असल्यामुळे लग्नपत्रिकांचा हंगाम ओसरला की माझा दुसरा हंगाम सुरू होई, तो कृतिसंशोधनाच्या अहवालांचा. डी.एड.चे आणि बी.एड.चे विद्यार्थी हस्तलिखित घेऊन येत. मी ते टाइप करून, स्तंभालेख काढून, स्पायरल बाइंडिंग घालून देत असे. माझे स्वतःचे शिक्षण बारावीला थांबलेले. समस्या, परिकल्पना, पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, निष्कर्ष ही संशोधनाची पायवाट मला प्रथम दिसली ती या अहवालांतच. शेकडो अहवाल माझ्या हाताखालून गेले. त्यांतल्या एकातही उपक्रम फसलेला नव्हता. जोडाक्षरे असोत, हातच्याची वजाबाकी असो की शाळेतली गैरहजेरी. सहा आठवड्यांत दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुप्पट उंच होई.

एक अपवाद आहे. एका मुलीने आणलेल्या हस्तलिखितात उत्तरचाचणीची सरासरी पूर्वचाचणीपेक्षा खाली गेली होती. तिने ते जसेच्या तसे लिहिले होते आणि असे का झाले असावे याचा दीड पान विचारही केला होता. मार्गदर्शकांनी 'हे असं चालत नाही' एवढाच शेरा तोंडी देऊन तो अहवाल परत केला. सादर करायला दोन दिवस उरले होते. ती दुकानातल्या बाकावर बसून राहिली. शेवटी मीच म्हणालो, "ताई, आकडे फिरवू या. फाईल तर पास व्हायला पाहिजे." दहा मिनिटांचे काम होते. दीड पान विचार काढून टाकला, स्तंभ उंच केला. पैसे नेहमीचेच घेतले.

हे आधी सांगून टाकले, कारण पुढे मी इतरांच्या संशोधनावर टीका करणार आहे आणि टीका करणाऱ्याचे हात कितपत स्वच्छ आहेत हे वाचकाला ठाऊक असलेले बरे.

२०१९ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या कामातला एक महत्त्वाचा धागा मुंबईच्या महापालिका शाळांतून निघाला होता, हे कळल्यावर मला राहवले नाही. भाच्याकडून तो निबंध मिळवला. २००७ साली 'क्वार्टरली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये बॅनर्जी, शॉन कोल, डुफ्लो आणि ली लिंडेन यांनी तो प्रसिद्ध केला आहे. प्रमाण विचलन म्हणजे काय हे समजून घेण्यासाठी मला अकरावीचे सांख्यिकीचे पुस्तक पुन्हा उघडावे लागले. पहिल्या वाचनाला चार महिने लागले. त्याची लाज वाटत नाही. इंग्रजीचा आणि गणिताचा डोंगर एकदम चढायचा होता.

निबंधाचा विषय 'बालसखी'. १९९०च्या दशकाच्या मध्यात मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेची ही योजना. तिसरी-चौथीतली जी मुले मागे पडली आहेत, म्हणजे अक्षरे ओळखत नाहीत, साधी बेरीज करत नाहीत, त्यांना शाळेच्या वेळातच रोज दोन तास वर्गाबाहेर घ्यायचे. पंधरा-वीस मुलांचा गट. शिकवणारी त्याच वस्तीतली तरुण मुलगी, माध्यमिक शाळा पूर्ण केलेली. दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि महिना ५०० ते ७५० रुपये. कोणत्या शाळेच्या कोणत्या इयत्तेला बालसखी द्यायची हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरवले होते, म्हणजे चांगल्या शाळाच निवडल्या असा आक्षेप कोणी घेऊ नये. प्रयोग मुंबई आणि वडोदरा या दोन शहरांत झाला. पहिल्या वर्षी चाचणीतली वाढ ०.१४ प्रमाण विचलन, दुसऱ्या वर्षी ०.२८. वाचकाच्या सोयीसाठी: शंभर मुले गुणांप्रमाणे रांगेत उभी केली तर पन्नासाव्या जागेवरचे मूल साधारण एकसष्टाव्या जागी जाते, एवढी ही दुसऱ्या वर्षीची वाढ. योजना थांबल्यावर वर्षभराने ती ०.१० च्या आसपास उरली होती, हेही निबंधात स्वच्छ लिहिले आहे.

या निबंधातली मला सर्वांत जड वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. बालसखी मागे पडलेल्या मुलांना घेऊन गेल्यावर मूळ वर्गात काय उरते? दोन तासांसाठी कमी पट, आणि तोही त्यातल्या त्यात वाचता येणाऱ्या मुलांचा. प्रत्येक शिक्षक जे मागतो ते त्या शिक्षकाला मिळाले. तरीही वर्गात राहिलेल्या मुलांच्या गुणांत फरक पडला नाही. यावरून 'शिक्षकच कुचकामी' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि पुष्कळांनी तो मनात काढलाही असेल. मी दुसरा काढतो. वर्ग लहान झाला, पुस्तक तेवढेच राहिले. शिक्षक वर्गाला शिकवत नव्हता, तो पुस्तक पुरे करत होता. पण हा माझा तर्क झाला. त्याला पुरावा मिळाला तो त्याच अभ्यासकांच्या पुढच्या कामांत. त्या कामांविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही, कारण त्यांत शून्ये आहेत.

पहिले शून्य उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातले. गावकऱ्यांना सभेत सांगितले की शाळेवर तुमचे काय अधिकार आहेत, ग्रामशिक्षण समिती काय करू शकते. काही गावांत तर मुलांचे वाचन स्वतः तपासायलाही शिकवले. शाळेत काही बदलले नाही. शिक्षकही बदलले नाहीत, मुलांचे शिकणेही नाही. ज्या गावांत स्वयंसेवकांनी वाचनवर्ग घेतले तिथे येणारी मुले वाचू लागली, पण ज्यांना गरज होती त्यांतली थोडीच मुले आली.

दुसरे शून्य बिहारचे, आणि इथे मी जरा थांबणार आहे. २००८ च्या जून महिन्यात बिहार सरकारने 'प्रथम'च्या मदतीने उन्हाळी शिबिर घेतले. महिनाभर सरकारी शिक्षकांनीच तिसरी ते पाचवीतल्या मागे पडलेल्या मुलांना शिकवले. मदतीला स्वयंसेवक होते, शिक्षकांना वेगळे मानधन होते, आणि काम एकच : वाचायला आणि मोजायला शिकवणे. शिबिराला आलेल्या मुलांत मोजता येईल अशी प्रगती झाली. त्यानंतर शाळेचे वर्ष सुरू झाले. पश्चिम चंपारणमधल्या शाळांचे पुन्हा चिठ्ठ्या टाकून गट पाडले. काही शाळांना फक्त साहित्य, काहींना साहित्य आणि शिक्षकांचे प्रशिक्षण, काहींना या दोन्हींबरोबर गावातले स्वयंसेवक. फक्त साहित्य : परिणाम शून्य. साहित्य आणि प्रशिक्षण : परिणाम शून्य. स्वयंसेवकांनी शाळा सुटल्यावर वर्ग घेतले तिथेच वाढ दिसली.

जूनमध्ये जो शिक्षक मुलांना वाचायला शिकवू शकत होता तो शाळा भरल्यावर का शिकवू शकला नाही? माणूस तोच, पद्धत तीच, मुलेही त्याच गावची. प्रशिक्षण झाले होते, साहित्य कपाटात नव्हे तर पुष्कळ ठिकाणी वापरातही होते. झाले नव्हते ते एकच : मुलांचे इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे गट करणे. शिक्षक म्हणत होते की पद्धत चांगली आहे, पण अभ्यासक्रम पुरा करायचा आहे.

उत्तराखंडात तर आणखी बोलके घडले. तिथेही स्वयंसेवक दिले होते, पण परिणाम दिसला नाही. कारण शाळांनी स्वयंसेवकांना सामावून घेतले आणि नेहमीच्या वर्गावर नेहमीच्या मदतनिसासारखे उभे केले. व्यवस्थेने नवा माणूस घेतला आणि आठवड्याभरात त्याचा जुना शिक्षक केला, असे मी याचे वर्णन करीन. 'प्रशिक्षण कमी पडले' हे आपल्या शिक्षण खात्याचे आवडते निदान आहे. या दोन शून्यांनंतर ते निदान निदान दुसऱ्यांदा तपासायला हवे होते.

बालहक्क म्हणून आपण ज्याचे स्वागत केले त्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ उघडून पाहावे. शिक्षकाची कर्तव्ये तिथे क्रमाने दिली आहेत. त्यांतले एक सांगते की संपूर्ण अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पुरा करा. त्याच्या लगेच खालचे सांगते की प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पारखा आणि गरजेप्रमाणे जादा अध्यापन द्या. एका हाताने मुदत घालायची आणि दुसऱ्या हाताने मुदत विसरायला सांगायचे. तपासणीला येणारा अधिकारी यांतले कोणते कर्तव्य वहीत मोजू शकतो, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा. चाळिसावा धडा झाला की नाही हे दिसते. रखमाचे मूल 'मी' आणि 'मि' यांत अजून अडखळते की नाही, हे त्याच्याजवळ बसल्याखेरीज दिसत नाही.

हरियाणात २०१२-१३ साली अभ्यासकांनी या गाठीलाच हात घातला. शाळेचा दिवस एका तासाने वाढवला आणि तो तास अभ्यासक्रमापासून मोकळा केला. त्या तासाला मुले इयत्ता सोडून पातळीप्रमाणे बसतील असे ठरवले. देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः काही दिवस मुलांना शिकवायचे, मगच शिक्षकांना सांगायचे, ही अट घातली. हिंदी वाचनात ०.१५ ची वाढ झाली. सरकारी शिक्षकांनी, शाळेच्या वर्षातच, केली. याच अभ्यासात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचीही परीक्षा झाली. त्याचा परिणाम पुन्हा शून्य.

महाराष्ट्रातल्या शिक्षकाला या शेवटच्या शून्याचे नवल वाटणार नाही. आपल्याकडे हे मूल्यमापन २०१० साली आले, आकारिक आणि संकलित अशा जोडनावांनी. प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी करायच्या होत्या. कल्पना सुंदर होती. वर्ष उलटायच्या आत 'तयार वर्णनात्मक नोंदी' अशा पुस्तिका बाजारात आल्या. विषयवार, इयत्तावार. 'कविता तालासुरात म्हणतो', 'प्रश्नांची योग्य उत्तरे देतो', 'वाचनात गती आवश्यक'. मीही अशी एक पुस्तिका जुळवून दिली होती, चांगली खपली. मुलाकडे पाहून करायची नोंद पुस्तिकेकडे पाहून होऊ लागली. हरियाणातल्या शून्याला कारण शोधायला मला निबंध वाचावा लागला नाही, माझ्याच संगणकात ते पडले होते.

बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एका लेखात ही सगळी वाटचाल शून्यांसकट एकत्र मांडली. रुक्मिणी बॅनर्जी 'प्रथम'च्याच. ज्या संस्थेची योजना फसली तिचीच व्यक्ती लेखकांत आहे आणि तरी फसगत तपशिलाने छापली आहे, याचे मला फार मोल वाटते. उत्तर प्रदेशात २०१३-१४ साली झालेल्या शिबिरांचे यशही त्यात आहे. दहा-दहा किंवा वीस-वीस दिवसांची शिबिरे, मिळून पन्नासएक दिवस, 'प्रथम'च्या माणसांनी शाळेतच घेतलेली. शिबिरे नव्हती तिथे चारांतले एक मूल परिच्छेद किंवा गोष्ट वाचू शके, शिबिरे झाली तिथे दोघांतले एक. पण हे यश पटण्याजोगे होते ते आधीची शून्ये छापली होती म्हणूनच.

आता टीका. या साऱ्या संशोधनात शिक्षक हा निरोप्या आहे. पद्धत बाहेर तयार होते, परिणाम बाहेर मोजला जातो, मधल्या वाटेत शिक्षकाने ती न सांडता पोहोचवायची. पश्चिम चंपारणच्या शिक्षकांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, पण त्या पद्धत का रुजली नाही हे समजण्यापुरत्या. तुम्हाला कोणता प्रश्न पडला आहे आणि तो तपासायला काय हवे, हे त्यांना कुणी विचारल्याचे मला तरी आढळले नाही. ५०० रुपयांवर राबलेल्या बालसखीचेही तेच. निबंधात तिचा खर्च आहे, तिची पात्रता आहे. दोन तासांत रडणाऱ्या मुलाला तिने कसे बसवले ते नाही. कदाचित चांगल्या अर्थशास्त्राला ते लागत नसेल. शिक्षणाला लागते. शिवाय स्वस्त शिकवणारी परिणामकारक ठरते हा निष्कर्ष कोणत्या काळात आला तेही पाहावे. आपल्याकडे शिक्षणसेवक ही मानधनावरची नेमणूक २००० सालीच सुरू झाली होती. पुराव्यातून सरकारला जे सोयीचे ते आधी ऐकू येते.

आपल्याकडे शिक्षकाने स्वतः प्रश्न विचारण्याची परंपरा नव्हती असे नाही. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या. शिशुशिक्षणाची तयार पद्धत त्यांच्या हातात होती. पण गरिबांची आणि आदिवासींची मुले बालवाडीपर्यंत येतच नाहीत, हे त्यांनी पाहिले आणि ते पद्धतीचे अपयश मानले, मुलांचे मानले नाही. त्यातून बालवाडीच मुलांच्या अंगणात नेणारी अंगणवाडी निघाली. पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर कुरणशाळा निघाली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी गुरांच्या मागे जाणारी. या दोघींनी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत, प्रमाण विचलन काढले नाही. 'इथे हे चालत नाही' ही नोंद करण्याचे स्वातंत्र्य मात्र त्यांनी घेतले होते. मुंबईच्या निबंधात आणि कोसबाडच्या कुरणात मला सारखेपणा दिसतो तो इथे.

ते स्वातंत्र्य आजच्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला नाही. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र आला. त्याने काही चांगले केले. मूल न शिकल्याचे खापर मुलाच्या घरावर फोडू नका, हे शासनाने बजावले ही लहान गोष्ट नव्हती. पण पायाभूत चाचण्या आल्या, 'सरल'मधली माहिती आली आणि शाळा प्रगत झाल्याच्या घोषणा आल्या. शाळा 'प्रगत' म्हणून जाहीर झाल्यावर तिथल्या सहा मुलांना वाचता येत नाही असे कोण लिहील? माझ्या दुकानातले स्तंभ आता सगळ्या राज्यात उंच होऊ लागले. अलीकडे शिक्षक 'आम्हाला शिकवू द्या' अशी घोषणा घेऊन रस्त्यावर आले, तेव्हा कामचुकारांची ओरड म्हणून ती हसण्यावारी नेणारे बरेच भेटले. मला त्या घोषणेत बिहारचा जून महिना ऐकू आला. महिनाभर एकच काम द्या आणि मग पाहा, एवढेच ती म्हणत होती.

दुकान बंद होऊन आता बरीच वर्षे झाली. टाइपिंग अजून घरून करतो. गेल्या पावसाळ्यात एक बाई पत्ता शोधत आल्या. "दादा, ओळखलं का?" मी ओळखले नाही. मग त्यांनी दीड पानाची आठवण काढली. ती मुलगी आता एका द्विशिक्षकी शाळेची मुख्याध्यापिका आहे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत तिला अनुभव मांडायचा होता. वर्षभर रोजचा पहिला तास तिने तिसरी, चौथी आणि पाचवी एकत्र करून, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे गट पाडून वाचनाला दिला होता. एका शंभरपानी वहीत दर शनिवारी कोण कुठे आहे हे लिहिले होते. नाव, तारीख, अडलेले अक्षर. बालसखीचे नाव तिने ऐकले होते, निबंधाचे नव्हते. मी तिला त्यातल्या शून्यांबद्दल सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "म्हणजे त्यांना छापू देतात."

तिच्या कागदावर सतरा मुले होती. अकरा पुढे गेली होती, सहा जागच्या जागी होती. सहांतली तिघे दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांतली, वहीत त्यांच्यापुढे पाच महिने रिकामे होते. एकाला कमी दिसत होते, ते तिला जानेवारीत कळले. उरलेल्या दोघांपुढे तिने 'कारण माहीत नाही' असे लिहिले होते.

"हे दोघं काढू का?" मी विचारले. सवयीने नव्हे, तिच्या काळजीने. केंद्रप्रमुख काय म्हणतील याचा अंदाज मलाही होता.

"राहू दे दादा," ती म्हणाली. "आणि ते 'कारण माहीत नाही' जरा ठळक करा."

तक्ता मी तसाच जुळवला. परिषदेत तिला सात मिनिटे मिळाली आणि तिच्यानंतर दुसऱ्या शाळेचे सादरीकरण झाले, रंगीत स्तंभांचे. वही तिने पुढच्या वर्षासाठी चालू ठेवली आहे. त्या दोघांतला एक जुलैत शब्दांच्या गटात गेला, असे तिने फोनवर कळवले. दुसरा अजून तिथेच आहे.